बाभुळफाट्यावरचे पट्टे

त्या मंगळवारी सकाळी साडेदहा ते दुपारी दीड या वेळात वाळू भोयेने डबाभर पांढरा रंग संपवून एका सपाट रस्त्यावर गतिरोधकाचे पट्टे मारले.

गतिरोधक तिथे नव्हताच.

चूक तशी सगळ्यांची होती, पण ब्रश वाळूच्या हातात होता. नांदूरखडक नगरपरिषदेच्या बांधकाम विभागाचे अभियंता महेश साहेब यांनी सकाळीच फोन केला होता, "बाभुळफाट्यावर नवा स्पीडब्रेकर झालाय, रंगवून टाक." साहेबांना वाटलं होतं, ठेकेदाराने सोमवारी काम उरकलं असेल. ठेकेदार सोमवारी साडूच्या मुलाच्या साखरपुड्याला गेला होता. वाळू सायकलला डबा अडकवून फाट्यावर पोचला, तर रस्ता ताटासारखा सपाट. त्याने चपलेने घासून पाहिलं. मग गुडघे टेकले, गाल डांबराला लावून एका डोळ्याने पाहिलं. मध्ये कुठेतरी इंचभर उंचवटा असल्यासारखा भास झाला. दुसरा कोणी असता तर त्याने फोन करून विचारलं असतं. वाळूची नगरपरिषदेत रोजंदारीवर बावीस वर्षं झाली होती. या बावीस वर्षांत त्याने ठेकेदारांचे नाले पाहिले होते, गटारांची झाकणं पाहिली होती, पहिल्याच पावसात गेलेले रस्ते पाहिले होते. त्यामुळे गतिरोधक दिसत नाही याचं त्याला फारसं नवल वाटलं नाही. मटेरियल खाल्लं असणार, एवढंच. "या टायमाला जरा जास्तच खाल्लं," असं पुटपुटत त्याने झाकण उचकटलं.

पट्टे मात्र असे आले की बघत राहावं. वाळूला दोरी लागत नसे. तो मूळचा पेठकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. लहानपणापासून गुडघाभर चिखलात भाताची रोपं ओळीत लावलेली. एकोणिसाव्या वर्षी टोळीबरोबर द्राक्षाच्या छाटणीला खाली उतरला, पुढे रस्त्याच्या कामावर लागला, आणि पालिकेच्या एका साहेबाने त्याची सरळ ओळ बघून त्याला ठेवून घेतलं. गावातलं प्रत्येक झेब्रा क्रॉसिंग, प्रत्येक 'शाळा पुढे आहे', प्रत्येक गतिरोधकाचे पट्टे त्याच्या हातचे. त्याला कोणी ओळखत नसे, पण त्याच्या हातावरून गावाने रोज गाड्या नेल्या होत्या.

आणि नांदूरखडकला गतिरोधक काही कमी नव्हते. बाहेरच्या माणसाला नगरसेवकाचं घर विचारावं लागत नसे. गाडी जिथे पहिल्यांदा आदळली ते आजी, दुसऱ्यांदा आदळली ते माजी. शाळेसमोर एक नव्हता, कारण शाळा निवडणुकीला उभी राहत नाही. बाभुळफाट्यावरचा हा नवादेखील फाट्याच्या नावाने मंजूर झाला होता, आणि जवळच प्रभागाच्या नगरसेवकांचं मंगल कार्यालय होतं.

शेवटचा पट्टा ओला असतानाच रूपालीची स्कूटर आली. गोजराबाई जेजुरकरांची ही एकुलती मुलगी, तेवीस वर्षांची. नवरा गेल्यावर गोजराबाईने अर्ध्या एकरात झेंडू आणि शेवंती लावून घर चालवलं. बीकॉम झाल्यावर रूपाली नोकरी शोधता शोधता फुलांचे क्रेट स्कूटरला ट्यूबने बांधून पहाटे नाशिकच्या फुलबाजारात नेऊ लागली. त्या वेळी ती रिकामे क्रेट घेऊन परत येत होती. पट्टे बघून तिने करकचून ब्रेक मारला, हळूहळू गाडी पुढे घेतली, आणि काहीच आदळलं नाही म्हणून मागे वळून पाहिलं.

"मामा, हे काय केलंत?"

"गतिरोधक हाय."

"कुठंय?"

"पट्टे दिसत नाय का?"

"पट्टे दिसतात हो. पण हे म्हणजे मुंडावळ्या बांधून झाल्या नि नवरदेवाचाच पत्ता नाय!"

वाळूने पुन्हा एकदा रस्त्याकडे पाहिलं, आणि या वेळी त्याला जे दिसायचं ते दिसलं. त्याचा चेहरा इतका पडला की रूपाली आधी हसत सुटली, मग स्कूटर स्टँडला लावून त्याला रस्त्याकडेच्या कठड्यावर घेऊन बसली आणि बाटलीतलं पाणी त्याच्यापुढे धरलं. "जाऊ द्या मामा. रस्ता तरी सजला." दर दसऱ्याला वाळूच्या ब्रशांची आणि डब्यांची पूजा व्हायची तेव्हा झेंडूचा हार ती आणून द्यायची, आणि तेव्हाही अशीच काहीतरी चेष्टा करायची. तिची चेष्टा त्याला लागत नसे. त्याच्या बायकोला, भागीला, मूलबाळ नव्हतं. रूपाली 'मामा' म्हणाली की तो दिवसभर बरा असायचा.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. चहाच्या टपरीवर कोणी म्हणालं, "वाळू, आमच्या दारापुढंही एक हवेचा टाकून दे." कोणी म्हणालं, "ठेकेदाराने खाल्ला म्हणे, ढेकरसुद्धा नाय दिला." महेश साहेबांनी वाळूला केबिनमध्ये उभं करून झाडलं. पण नंतर त्यांच्या लक्षात आलं, की रंग वाया गेला असं लिहावं तर वरून विचारणा होणार, आणि त्यात फोन आपलाच निघणार. म्हणून रजिस्टरला सरळ नोंद झाली: बाभुळफाटा, गतिरोधक, रंगकाम पूर्ण. खाली वाळूची सही. सही करताना त्याला बरंच वाटलं. प्रकरण मिटलं होतं.

चार दिवस लोकांनी त्या पट्ट्यांवर ब्रेक मारले. पाचव्या दिवसापासून कोणी मारेना. पिंपळगावला कांदा नेणारे टेम्पो, कॉलेजची पोरं, दूधवाले, सगळ्यांना कळलं होतं की बाभुळफाट्यावर पट्टे दिसले तरी खाली काही नाही. उलट तिथे जरा पीळ जास्तच देत.

बारा दिवसांनी खरा गतिरोधक झाला. ठेकेदाराचं गावभर नाव झालेलं, तो पेटलेला होता. त्याने नाशिकच्या अंगाला, वाळूच्या पट्ट्यांपासून दीडशे पावलांवर, मंगल कार्यालयाच्या फाटकासमोर असला गतिरोधक घातला की बघणारा म्हणेल याच्या पलीकडे पाणी अडवायचं असेल. नेहमीच्या दुप्पट उंच. "घ्या, आता कोण म्हणतं खाल्ला!" असं तो तिथेच उभं राहून म्हणाला. आणि काळा. डांबराच्या रस्त्यावर डांबराचाच.

वाळू दुसऱ्या दिवशी भांडारात गेला. भांडार लताबाईंकडे होतं. त्या रजिस्टर उघडून चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बाभुळफाटा झालाय की. तुझीच सही आहे."

"तो खोटा होता बाई. हा खरा झालाय."

"मला खरं-खोटं कळत नाही वाळू. एका गतिरोधकाला एक डबा. दुसऱ्यांदा काढला तर ऑडिटला मी काय सांगू, तुझ्या हवेच्या गतिरोधकाला दिला म्हणून?"

भांडारातले दोघे-तिघे हसले. वाळू महेश साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, नवीन मागणी टाकतो. चार दिवसांनी पुन्हा गेला. साहेब म्हणाले, मुख्याधिकारी रजेवर आहेत. मग वाळूने भागीच्या चुलीपाशी ठेवलेला चुना बादलीत कालवला आणि स्वतःच्या अकलेने त्या काळ्या उंचवट्यावर पट्टे ओढून आला. चुना दोन दिवस टिकला. कांद्याच्या टेम्पोंनी तो टायरांना लावून पिंपळगावला नेला. त्याने कडेला दगड रचून बाभळीची फांदी उभी केली. कार्यालयात लग्न होतं, वरातीला आडवी येते म्हणून वॉचमनने ती उचलून टाकली.

तिसऱ्यांदा भांडारात गेला तेव्हा लताबाई म्हणाल्या, "आणि तो चुना लावायला तुला कोणी सांगितलं होतं? लोक विचारतात, पालिकेकडे रंग नाही का म्हणून. साहेबांना ऐकून घ्यावं लागलं." मागून कोणीतरी म्हणालं, "चुना लावायचं काम सभागृहात करतात, वाळू. तू कशाला?" पुन्हा हशा झाला. वाळूचं डोकं फिरलं. महिनाभर गाव हसत होतं, ते त्याने खाली मान घालून घेतलं होतं. आता आपण कामाचं बोलतोय तर त्यावरही हसतात.

"मरू द्या मंग तिकडं," तो म्हणाला, आणि बाहेर आला.

हे तो बुधवारी म्हणाला. चुन्याची अर्धी गोणी घरी शिल्लक होती. गुरुवारी त्याने ती पाहिली. शुक्रवारी पाहिली. शनिवारी भागी म्हणाली, "जाऊन मारून या ना दोन हात." तो म्हणाला, "मी काय येडा हाय का, फुकटचा मार खायला? त्यांचा गतिरोधक हाय, त्यांनी रंगवावा."

सोमवारी पहाटे धुकं होतं. रूपाली पाच क्रेट बांधून सव्वापाचला निघाली. पट्ट्यांवरून ती न थांबता गेली. त्या पट्ट्यांची मुंडावळ्यांची गोष्ट गावाला तिनेच सांगितली होती. पुढे दीडशे पावलांवर काय आहे हे तिलाही ठाऊक होतंच, रोजचा रस्ता. पण धुक्यात अंतर कळत नाही, आणि काळ्यावर काळं दिसत नाही.

दूधवाल्याला ती सापडली तेव्हा तिची स्कूटर चालूच होती म्हणतात. नाशिकला नेईपर्यंत संपलं.

साडेसहाला वाळूचा फोन वाजला. महेश साहेब होते. वाळू फाट्यावर पोचला, तर रंगाचे दोन डबे त्यांनी स्वतःच्या गाडीतून आणले होते. कुठून आणले हे वाळूने विचारलं नाही. महिनाभर नसलेला रंग अर्ध्या तासात आला होता.

"दहाला पोलीस पंचनाम्याला येतील," साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या घरीही कॉलेजला जाणारी मुलगी होती. "आठच्या आत उरक. ऊन आलं की वाळेल."

"कोण गेलं साहेब?"

"अरे, ती फुलवाली. गोजराबाईची."

वाळूच्या हातात ब्रश होता. साहेब त्याच्याकडे बघत नव्हते. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "रजिस्टरला आपलं सगळं बरोबर आहे. तारीख आधीचीच आहे, सही तुझीच आहे. फक्त रंग जागेवर पाहिजे. कायम करायच्या यादीत सात नंबरला नाव आहे तुझं, वाळू. पुढच्या सभेत यादी येतेय. आता काही..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

गतिरोधकावर झेंडू पसरले होते. क्रेट फुटून पाचही क्रेटांची फुलं रस्ताभर झाली होती. पहाटेपासून दोन-चार गाड्यांनी ती चिरडली होती. वाळूने आधी खराट्याने कडेला सारली. मग खराटा टाकला आणि हाताने उचलू लागला. साहेब म्हणाले, "वेळ नाही रे." पाकळ्या ओल्या डांबराच्या खाचांत बसल्या होत्या, त्या निघेनात. त्यांच्यावरूनच ब्रश फिरवावा लागला. पहिल्या हातात रंग पिवळट आला, म्हणून दुसरा हात दिला. दुसऱ्या हातानंतर पांढरा झाला.

पट्टे नेहमीसारखेच सरळ आले. त्याला वाटलं होतं हात थरथरेल, निदान एखादा तरी वाकडा येईल. एकही आला नाही. घरी जाऊन त्याने भागीला हेच सांगितलं, दुसरं काही नाही. "एक पन वाकडा आला नाय गं." आणि भिंतीकडे तोंड करून बसला. भागीने चुन्याची गोणी कधी उचलून मागे टाकली ते त्याला कळलं नाही.

पंचनाम्यात लिहिलं गेलं की गतिरोधकावर पांढरे पट्टे ठळक दिसून आले. फाट्यावरचे जुने पट्टे त्याच दुपारी डांबर ओतून बुजवले. वाहनचालकाच्या निष्काळजीपणामुळे, असा शब्द कागदावर आला, आणि कागदावरून तो गावात आला. गावाने त्यात आपापली भर घातली. मोबाईलवर बोलत असेल. पोरींना कशाला गाड्या द्यायच्या. इतके ठळक पट्टे, आंधळ्यालाही दिसतील. कोणी म्हणालं, लग्न ठरत नव्हतं, डोक्यात काहीबाही असेल. टपरीवर हे चालायचं तेव्हा वाळू चहा अर्धा टाकून उठायचा. काळा गतिरोधक रोज बघणारेही तिथे होते. पण रोज बघितलेलं कोणाच्या लक्षात राहतं? पट्टे नव्हते, असं कोणी छातीठोक सांगेना. दूधवाला एकदा म्हणाला, "मला तर वाटतं नव्हते," तर लोक म्हणाले, "धुक्यात तुला काय दिसणार?" तोही मग गप्प झाला.

यादी सभेत आली. सात नंबरचं नाव सात नंबरलाच होतं. बावीस वर्षांनी वाळू कायम झाला. महेश साहेबांनी पेढा दिला. वाळूने तो खिशात ठेवला आणि संध्याकाळी सायकल लावताना विरघळलेला पेढा खिशातून खरवडून काढला.

दशक्रियेला तो गेला नव्हता. सायखेड्याला, नदीवर, सगळी आळी गेली होती. भागी गेली आणि येऊन म्हणाली, "गोजराबाई तुमचं इचारत व्हती."

आणि मग महिन्याभराने गोजराबाई स्वतःच नगरपरिषदेत आली. हातात अर्ज होता, कोणाकडून तरी टाईप करून घेतलेला. तिला काही मागायचं नव्हतं. पैसे नको, नोकरी नको, असं तिने आवक-जावकच्या खिडकीत दोनदा सांगितलं. तिला फक्त तो शब्द काढून हवा होता. निष्काळजी. खिडकीतल्या माणसाने सांगितलं, हा पोलिसांचा विषय. पोलिसांनी तिला नगरपरिषदेकडे पाठवलं होतं. ती परत निघाली तेव्हा वाळू भांडाराच्या ओट्यावर ब्रश धूत बसला होता. पळायला जागा नव्हती.

"वाळूभाऊ," ती म्हणाली आणि पायरीवर बसली. महिनाभरात ती एवढी वाळली होती की लुगडं तिच्या अंगावर दुसऱ्याचं वाटत होतं.

"बसा गोजराक्का," तो म्हणाला. ती आधीच बसली होती.

"भागी येऊन गेली हो. मेथीची भाजी दिली. लय जीव लावते." मग जरा थांबून ती म्हणाली, "एक इचारू? गावातलं कोनी नीट सांगत नाय. ते पट्टे तुमीच मारले ना?"

"हा. मीच."

"कधी मारले?"

ब्रशातून पांढरं पाणी गळत होतं. वाळू ते बघत राहिला. भांडाराच्या दारात लताबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, चष्मा हातात. त्यांनी चष्मा पुसला, आणि पुसतच राहिल्या.

"माझी रुपी मला म्हनायची," गोजराबाई म्हणाली, "मामानं पट्टे मारले की रस्त्याला बरं वाटतं. मोबाईलला ती गाडीवर हात लावत नव्हती हो. फोन तर घरी राहिला होता त्या दिवशी. चार्जिंगला. दिवसभर वाजत होता, मी उचलला नाय." तिने पदराने तोंड दाबलं. मग पदर सोडून साध्या आवाजात म्हणाली, "पट्टे होते तर होते. मंग तिचं चुकलं, मी मान्य करीन. मला फक्त कळू द्या. तुमी सांगाल तेच मी धरीन. तुमच्यासारखं खरं बोलनारं मानूस मला इथं दुसरं दिसत नाय."

वाळूने तोंड उघडलं. सांगायला एकच वाक्य होतं, चार शब्दांचं. तेवढं वाक्य आलं असतं तर त्याच्यामागून रजिस्टर आलं असतं, साहेब आले असते, यादी आली असती. आणि या सगळ्याच्याही मागे तो बुधवार आला असता, भांडारातला, लताबाईंसमोर 'मरू द्या' म्हटलेला. त्या बुधवारपर्यंत पोचणं त्याला होईना.

"तारीख बघून सांगतो," तो म्हणाला.

"बघा," गोजराबाई लगेच म्हणाली. तिला बरं वाटलेलं दिसलं. कोणीतरी बघतो म्हणालं होतं. "सावकाश बघा. मला काय घाई हाय आता."

ती गेल्यावर लताबाई आत वळल्या. आठवड्याने त्यांनी नुसतं विचारलं, "गेला होतास का तिच्याकडे?" त्याने नाही म्हणून मान हलवली. त्यांनी मग रजिस्टर उघडलं, बंद केलं.

तो एकदा गेला. मार्गशीर्षातला गुरुवार होता, गोजराबाई पूजेच्या फुलांच्या जुड्या बांधत होती. फुलबाजारात आता ती एका ओळखीच्या टेम्पोतून माल पाठवते. तिने त्याला चहा केला. शेवंतीला यंदा मावा पडला, असं ती म्हणाली. त्याने कोणतं औषध मारायचं ते सांगितलं. ते डोंगरातल्या माणसाला कसं ठाऊक, म्हणून ती थोडी हसलीसुद्धा. भिंतीवर रूपालीचा फोटो होता, कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. वाळू त्याच्याकडे पाठ करून बसला होता, पण बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की समोरच्या आरशात तो दिसतोय. मग तो चहाच्या कपात बघत राहिला. दोन वेळा त्याने घसा साफ केला. दोन्ही वेळा गोजराबाईने हातातलं काम थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

"चहा गोड झालाय," तो म्हणाला.

"रुपीला असाच लागायचा. हात बसलाय."

तो उठला, तेव्हा ती दारापर्यंत आली. बळंच एक जुडी तिने त्याच्या सायकलच्या हँडलला अडकवली, भागीसाठी. तो घरापासून बराच लांब गेला तेव्हा ती मागून ओरडली, आळीत ऐकू जाईल एवढ्याने, पण तक्रारीचा सूर नव्हता.

"वाळूभाऊ, तेवढं तारखेचं बघा बरं का!"

"बघतो," तो न वळता म्हणाला.